वर्तुळातली शोभाची जागा

शोभा जाऊन आज वर्ष झालं, आणि मला अजून तिचा हेवा वाटतो.

शोभा म्हणजे माझी धाकटी जाऊ. मस्तगडात आमची घरं भिंतीला भिंत लागून.

नवरात्राच्या आधी जवळच्या मंगल कार्यालयात बायकांचा गरब्याचा क्लास भरतो. दोघींनी बरोबरच नाव घातलं. बाकी सगळ्या आमच्या सुना शोभतील अशा.

पहिल्याच संध्याकाळी मी सगळ्यांच्या उलट निघाले.

मध्ये देवीचा फोटो होता. प्रदक्षिणा घालताना देवी उजव्या हाताला असते. जन्मभर तेच केलेलं.
गरबा मात्र देवी डाव्या हाताला ठेवून फिरतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

समोरून येणारी बाई थेट अंगावर आदळली.

"ताई, गरबा सोडून तुम्ही कुठं चालल्या?" शोभा ओरडली. "देवी इकडंच हाय!"

अख्खा हॉल हसला.

"तू आपल्या पायांकडं बघ," मी म्हणाले.

तिला गरज नव्हती. एकदा बघितलेली स्टेप तिचे पाय विसरायचेच नाहीत. टाळी, गिरकी, एक पाऊल मागे, पुन्हा टाळी. आठवड्याभरात मॅडमनी तिला पुढे उभं केलं.

"ज्यांचं चुकतंय त्यांनी शोभाकाकूंचे पाय बघा."

सगळ्यात जास्त माझंच चुकत होतं.

मी घरी दार लावून मोबाइलवर व्हिडिओ बघत प्रॅक्टिस सुरू केली. भिंतीपलीकडून आवाज आला, "ताई, जरा हळू! मांडणीवरची भांडी हलून राह्यली माझी!"

मी आणखी जोरात पाय आपटले.

मला ती पुढची जागा हवी होती. तिच्याकडूनच हवी होती. मी पुढे, ती मागे, आणि तिनं माझे पाय बघावेत.

मग हार्ट अटॅक. दवाखान्यापर्यंतही थांबली नाही.

यंदा क्लास सुरू झाला. मॅडम म्हणाल्या, "काकू, आता तुमचं छान बसलंय. शोभाकाकूंच्या जागी तुम्ही उभ्या राहा."

खरंच बसलंय. राहिले उभी. पूर्ण फेरी बिनचूक केली.

वळून बघितलं तर मागच्या बायका पदरानं, ओढणीनं डोळे पुसत होत्या. माझे पाय एकीनंही बघितले नाहीत.

एवढं करूनही तूच पुढे.

मोठ्या जावेनं धाकटीला नमस्कार करायचा नसतो, शोभा.

आज करते.