टोमॅटोच्या गावातली ओर्सोला

ओर्सोलाचा ओठ पहिल्यांदा सुजला तो वर्षभराच्या टोमॅटो-सॉसच्या बाटल्या भरायच्या दिवशी, भर अंगणात, सगळ्यांच्या देखत. ऑगस्ट महिना होता. पिंपाखाली पहाटेच लाकडं पेटवली होती. आम्ही बायका टोमॅटो पिळत होतो आणि पुरुष बाटल्यांना बुचं ठोकत होते. ओर्सोलाने मीठ बघायला चमचाभर रस तोंडात टाकला. थोड्या वेळाने मी तिच्याकडे पाहिलं, तर खालचा ओठ टम्म फुगलेला आणि हातांवर मनगटापर्यंत लाल गांध्या उठलेल्या.

"गांधीलमाशी चावली का गं?" मी विचारलं.

"नाही. गेल्या वर्षीही असंच खाजलं होतं. तेव्हा बोलले नाही."

तिची सासू, दोन्ना फिलोमेना, पिंपाशी उभी राहून लाकडी पळा फिरवत होती. तिने मान न वळवता सांगितलं, "समुद्राकडच्या मुली नाजूकच असतात. जा, तोंड धुऊन ये."

ओर्सोलाचं माहेर चेतारा. डोंगर उतरून गेलं की समुद्राला चिकटलेलं ते कोळ्यांचं गाव. तिथे घराघरात लाकडी पिंपांत मासळी खारवत ठेवलेली असते. आमचं गाव दक्षिण इटलीतल्या सार्नो नदीच्या खोऱ्यातलं. इथे शेतात टोमॅटो, कारखान्यात टोमॅटो आणि रविवारी दुपारी बाराला प्रत्येक खिडकीतून टोमॅटोच्या रागूचा, मांस घालून तासन्‌तास रटरटणाऱ्या सॉसचाच वास. तिचा नवरा साबातो कारखान्यात टोमॅटोचा ट्रक चालवायचा. अशा घरात सून होऊन यायचं आणि तिला नेमका टोमॅटोच सोसायचा नाही, हे ऐकून आधी तर सगळे हसलेच.

पण त्याच हिवाळ्यात एका रविवारी जेवता जेवता तिचा घसा सुजला आणि श्वास अडकायला लागला. साबातोने तिला ट्रकमध्ये घालून सालेर्नोला नेलं. डॉक्टरांनी दंडावर सुया टोचून तपासलं आणि टोमॅटो बंद म्हणून सांगितलं.

"शिजवलेला चालेल ना?" साबातोने विचारलं.

"शिजवलेलाही नाही."

"आणि सॉस?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही कुठले?"

साबातोने गावाचं नाव सांगितलं. "मग कठीण आहे खरं," डॉक्टर म्हणाले आणि आणीबाणीसाठी एक इंजेक्शन लिहून दिलं.

पुढचे काही महिने ओर्सोलाने कसे काढले, ते मी समोरच्या खिडकीतून पाहत होते. रविवारी सगळ्यांच्या ताटात लालभडक पास्ता आणि हिच्या ताटात तेल-लसूण लावलेला. दोन्ना फिलोमेना मुद्दाम वाईट वागत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. पाहुणे आले की ती सांगायची, "आमची सून आजारी आहे. पांढरं खाते." आमच्याकडे पांढरं खातात ते पोट बिघडलेले आणि म्हातारे. ओर्सोला तेव्हा तिशीचीही नव्हती.

एका शनिवारी ती माझ्या दारात आली, तीही पोतंभर कांदे घेऊन.

"सुरी आहे ना धारदार? बस माझ्याबरोबर चिरायला."

"एवढे? लग्न आहे का कुणाचं?"

"नाही गं. मला जेवायचंय. आजारी माणसासारखं नाही, नीट जेवायचंय."

ती जेनोवेझे करणार होती. नाव जेनोवाचं असलं तरी पदार्थ आमच्याकडचाच, पण तो सणासुदीला कधीतरी व्हायचा. गोमांसाचा मोठा तुकडा, जरासं गाजर आणि सेलरी, आणि मांसाच्या दुप्पट कांदा. आम्ही डोळे पुसत चिरत बसलो. रविवारी तिने सकाळीच भांडं मंद आचेवर ठेवलं आणि ती हलवत राहिली. कांदा आधी रडका दिसत होता, मग पिवळसर झाला, आणि दुपारपर्यंत विरघळून तपकिरी, चकचकीत, दाट सॉस झाला. त्यात तिने वाइन ओतली तसा वास जिना उतरून अंगणात गेला. झीती, म्हणजे पास्त्याच्या लांब नळ्या, हाताने मोडून उकळल्या, त्यात घोळवल्या आणि वर चीज किसलं.

साबातोने आईचा रागू संपवला आणि बायकोच्या ताटात काटा घातला. मग आणखी एकदा घातला.

"तुझं ताट कुठंय?" आईने विचारलं.

"हे काय, समोरच आहे."

"ते तिचं ताट आहे."

"लग्न झालंय आमचं, मम्मा," साबातो म्हणाला आणि खात राहिला.

त्यानंतर ओर्सोला थांबलीच नाही. माहेराहून तिने मासळीच्या पिंपातून गाळलेलं अर्क-पाणी आणलं. त्याचे थोडे थेंब, लसूण आणि भरपूर पार्सली एवढ्यावर स्पॅगेटी अशी व्हायची की मीठही लागायचं नाही. उन्हाळ्यात कोवळी झुकिनी तळून, अर्धी कुस्करून, प्रोव्होलोने चीजमध्ये मिसळायची. थंडीत लाल भोपळा लसणीवर परतून चेचायची. हरभरे शिजवून अर्धे वाटायची, म्हणजे त्यांचाच दाट रस्सा होई. आणि घाई असेल तेव्हा लिंबाची साल, लोणी आणि पास्ता उकळलेलं पाणी.

मग गुपचूप माणसं यायला लागली. पहिली आली पोस्टातली विन्चेन्झा. एरवी ती खालूनच हाक मारायची, त्या दिवशी एक साधं पाकीट द्यायला दोन जिने चढून आली. खुर्चीवर बसली आणि दाराकडे बघत हळूच म्हणाली, "त्या कांद्यात खरंच टोमॅटो नसतो?"

"एक थेंबही नाही."

"कुणाला सांगू नकोस. मी टोमॅटो खाल्ला की पोटात मुरडा येतो. लहानपणापासून. आणि माझ्या पोरीला, तेरेझाला, तर अंगभर पुरळ."

"मग खाता कशाला?"

"नाही खाल्ला तर लोक काय म्हणतील?"

तिच्या मागोमाग फादर अनिएल्लो आले. त्यांना आम्लपित्ताचा त्रास. "यजमान प्रेमाने रागू वाढतात आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला माझ्या छातीत चूल पेटलेली असते," ते म्हणाले. "लोकांना वाटतं, मी भक्तीने डोळे मिटतो." मग कार्मिने न्हावी आला. मग कारखान्याच्या वजनकाट्यावरची बाई. टोमॅटोवर जगणाऱ्या आमच्या गावात टोमॅटो न सोसणारी इतकी माणसं असतील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. दर गुरुवारी दुपारी ओर्सोलाच्या टेबलाशी मंडळी बसायला लागली. येताना कुणी चीज आणायचं, कुणी वाइन. दोन्ना फिलोमेना त्या वेळी आपल्या खोलीचं दार लावून बसायची. "हा दवाखाना झालाय," एवढं मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची.

एका गुरुवारी ओर्सोलाने अक्रोड वाटून सॉस केला. सुरेख झाला होता. कार्मिनेने दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि एकाएकी गप्प झाला. त्याने गळ्याला हात लावला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि आवाज घोगरा.

"अक्रोड आहेत का यात?"

"आहेत. का?"

"मला अक्रोड..."

ओर्सोला पुढचं ऐकायला थांबलीच नाही. तिने कपाटातलं इंजेक्शन काढून त्याच्या मांडीत टोचलं आणि साबातोने त्याला ट्रकमध्ये घालून इस्पितळात पोचवलं. संध्याकाळी तो हसत परत आला, पण ओर्सोला स्वयंपाकघरात खाली मान घालून बसून होती.

"बंद करते मी हे," ती मला म्हणाली. "माझ्या ताटात जे घालू नये ते घातलं की मला किती राग येतो. आणि मी कुणाला साधं विचारलंही नाही."

"मग आता विचार," मी म्हटलं.

तेव्हापासून तिच्या दारात 'या, बसा' म्हणायच्या आधी प्रश्न यायचा, "तुम्हाला काय चालत नाही?" कुणाला दूध, कुणाला गहू, कुणाला मिरची-वांगी. ज्याला चालत नाही त्याचं भांडं वेगळं आणि चमचाही वेगळा. कुणी "थोडंसं चालतं हो," म्हणालं तर ती वाढायचीच नाही.

पुढच्या वसंतात विन्चेन्झाच्या तेरेझाचं लग्न ठरलं. विन्चेन्झा पुन्हा दोन जिने चढून आली, या वेळी रडवेली होऊन.

"पोरगी म्हणते, स्वतःच्या लग्नात तरी सगळ्यांसारखी लाल लाझान्या खायचीय."

"लाल?"

"लालच हवी म्हणते."

ओर्सोलाने भोपळा आणि गाजर भाजलं, कांदा परतला आणि रंगासाठी बीट घातलं. सॉस झाला गुलाबी. बारशाच्या फ्रॉकसारखा गुलाबी. साबातो ताटाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चव चांगली आहे. मी डोळे मिटून खातो." पुढच्या खेपेला बीट कमी केलं तर रंग विटकरी आला, पण चव गोड, जॅमसारखी. आंबटपणा कुठून आणायचा, ते सुचेना. लिंबू घातलं तर लिंबूच पुढे यायचं.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला आम्ही दोघी चमचे चाटत उभ्या होतो. मागून आवाज आला, "लाल वाइनचा व्हिनेगर घाल. आधी कांद्यावर घाल आणि आटव. आणि तुळशीची पानं शेवटी, गॅस बंद केल्यावर."

दारात दोन्ना फिलोमेना उभी होती. ओर्सोलाने निमूटपणे तिच्या हातात चमचा दिला. म्हातारीने बाह्या सारल्या, चव घेतली, व्हिनेगर आटवला, चिमूटभर मीठ टाकलं, पुन्हा चव घेतली. मग पावाचा तुकडा मोडून भांड्यात बुडवला.

"हा टोमॅटो नाही," ती म्हणाली.

"नाही, मम्मा."

"टोमॅटो आहे असं कुणाला सांगू नकोस. खोटं पडशील. पण चांगला आहे." तिने दुसरा तुकडा मोडला. तोही बुडवून खाल्ला. मग ती खुर्चीवर बसली. "रविवारी रात्री मी उशीला टेकून बसलेली असते, ते पाहिलंय ना तू?"

"हो. तुम्ही जपमाळ ओढता."

"जपमाळ असते हातात. पण आडवं झालं की घशाशी आग येते. लग्न होऊन आले तेव्हापासून. तुझ्या सासऱ्यांना माझ्या हातचा रागू फार आवडायचा."

"आणि तुम्हाला?"

"मला कधी कुणी विचारलं नाही," दोन्ना फिलोमेना म्हणाली आणि भांड्याला चिकटलेला सॉस पावाने पुसून घेतला.

तेरेझाच्या लग्नात दोन लाझान्या होत्या, पाहुण्यांसाठी टोमॅटोची आणि नवरीसाठी ओर्सोलाची. नवरीचं ताट बघून पाहुण्यांनी तीच मागितली आणि नवरीला दुसऱ्यांदा मिळायची पंचाईत झाली. शेवटी साबातोने आपला वाटा तिच्याकडे सरकवला.

त्या लग्नानंतर खालच्या मजल्यावरची बाटल्यांची खोली मोकळी करून तिथे टेबलं मांडली गेली आणि खाणावळ सुरू झाली. दारावर पाटी नाही. गावाने आपणच नाव पाडलं, 'आजाऱ्यांकडे'. आधी थट्टेने, मग पत्ता म्हणून. दोन्ना फिलोमेना गल्ल्याशेजारी बसून कांदे सोलायची आणि ताटात काही टाकून उठणाऱ्यांना झापायची. ऑगस्टमध्ये अंगणात पिंप अजून पेटतं. त्या दिवशी ओर्सोला माहेरी जाते आणि सासूही तिच्याबरोबर समुद्रावर जाते. जिने उभ्या आयुष्यात पाण्यात पाय घातला नव्हता ती आता घोट्यापर्यंत उतरते आणि वाळूत बसून सुनेच्या आईशी मासळीच्या भावावरून भांडते.

गेल्या वर्षी एका दुपारी मी तिथे जेवत होते, तेव्हा मागच्या दाराने कारखान्याचे मालक आले. गावातले निम्मे टोमॅटो त्यांच्याच डब्यांत जातात. कोपऱ्यातलं टेबल धरून ते भिंतीकडे तोंड करून बसले.

"तुम्हाला काय चालत नाही?" दोन्ना फिलोमेनाने आपल्या जागेवरूनच विचारलं, आणि तिचा आवाज काही बारीक नाही.

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. "ते... तुम्हाला माहीतच आहे."

"मला काहीच माहीत नाही. नाव सांगा पदार्थाचं."

सगळ्यांचे काटे थांबले. मालकांचे कान लाल झाले. "टोमॅटो," ते म्हणाले.

"बरं," दोन्ना फिलोमेना म्हणाली. "ओर्सोला, एक कांद्याचं."

त्यांनी ताट पावाने पुसून लख्ख केलं आणि जाताना आम्हा सगळ्यांना म्हणाले, "कुणी बाहेर बोलू नका." आम्ही माना हलवल्या. पण पुढच्या गुरुवारी ते पुढच्या दाराने आले. बरोबर बायको होती, आणि बसायच्या आधी तिनेच दोन्ना फिलोमेनाला सांगितलं, "मला दूध चालत नाही."