सर्वांत चांगला ड्रमर

कॉलेजच्या बँडमधले आम्ही तिघे बऱ्याच वर्षांनी चहाला भेटलो. आजचा सर्वांत चांगला रॉक ड्रमर कोण, यावर मी आणि गिटारवाला संदीप वाद घालत होतो. आमचा ड्रमर मिलिंद मात्र चहा ढवळत होता.

"तू सांग ना," मी त्याला म्हणालो.

"ज्याला ऐकून मी वाजवणं सोडलं, तो."

बँड सोडताना तर त्यानं मनगट दुखतं म्हणून सांगितलं होतं. त्याच्या जागी संदीपचा चुलतभाऊ आला होता. की संदीपनं त्या भावाला आधीच गुपचूप बोलावून त्याचं वाजवणं ऐकलं होतं, आणि ते मिलिंदच्याही कानावर पडलं होतं? माणसं लांबच्या नावांवरून भांडतात, पण मनात जवळचंच कुणी असतं.

संदीपनं घाईघाईनं एका परदेशी ड्रमरचं नाव घेतलं. "तोच ना?"

मिलिंद त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो, तोच."