चंद्रहास मेस्त्रींनी न कापलेली पानं

आमचे चंद्रहास मेस्त्री सावंतवाडीकडचे सुतार. ओमानमधल्या निझव्याच्या बाजारात झैन नावाच्या मालकाच्या फ्रेमच्या दुकानात त्यांची सव्वीस वर्षं गेली. माणूस इतका गरीब, की कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर हेच सॉरी म्हणायचे.

गेल्या वर्षी झैननं जुन्या घराचं गेस्टहाऊस करायला घेतलं. भिंतींसाठी आजोबांच्या सामानातली सोळा सुटी पानं तो दुकानात घेऊन आला. समरकंदच्या कुणा सुलतानाची फारसी बखर होती ती. पानोपानी रंगीत चित्रं, वरखाली मजकूर.

"तयार फ्रेममध्ये बसत नाहीत. लिहिलेलं काप, चित्रं ठेव," झैन म्हणाला.

मेस्त्रींनी पट्टी ठेवली, कटर उचलला आणि चित्राकडे बघतच राहिले. मशिदीचं बांधकाम चाललं होतं. सुलतान घोड्यावर, कोपऱ्यात. मधोमध एक सुतार पायाच्या बोटांत फळी धरून करवत चालवत होता. मेस्त्रींचे वडील अस्सेच बसायचे.

शेजारचे शिंपी, राजापूरचे बाबामियाँ, लहानपणी मदरशात फारसी शिकलेले. मेस्त्रींनी त्यांना हाक मारली. "चाचा, ह्या सुताराचं नाव दिलंय का बघा."

बाबामियाँनी चष्मा पुसून वाचलं. "सुताराचं नाय. घोड्याचं हाय." मग पुढं वाचून म्हणाले, "पण मेस्त्री, हे कारागीर हिंदचे होते. काम संपल्यावर काही गावी गेले, काही तिथंच राहिले, असं लिहिलंय."

मेस्त्रींनी कटर खाली ठेवला.

संध्याकाळी झैन आला. मेस्त्री म्हणाले, "अर्बाब, मालक, शेजारच्या बाबामियाँनी हे वाचून दाखवलं. मी नाही कापणार. कापायचंच असेल तर दुसरा माणूस बघा." झैन आल्या पावली निघून गेला.

तीन दिवस तो फिरकला नाही. फोनवर गावाहून मेस्त्रींच्या बायको, रेवावहिनी, म्हणाल्या, "नोकरी गेली तर?"

"तर येतो घरी. तुला नकोय का मी?"

चौथ्या दिवशी झैन आपल्या आईला, खुदेजांना, घेऊन आला. "हे वाचणारा माणूस माझे सासरे जन्मभर शोधत होते," त्या म्हणाल्या. दोन दुपारी बाबामियाँ पानं वाचून मोडक्यातोडक्या अरबीत सांगत राहिले. झैनही शिवणयंत्रापाशी स्टूल घेऊन बसला. शेवटी म्हणाला, "खलास. कापायचं नाही."

मेस्त्रींनी पानांसाठी सागवानी पेटी केली, तीन आठवडे खपून. भिंतींवर खजुराच्या बागांचे फोटो लागले.

उद्‌घाटनाला खुदेजांनी मेस्त्रींना आणि बाबामियाँना पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं. हलवा जरा जास्तच झाला, असं मेस्त्री दुसऱ्या दिवशी पोट धरून मला सांगत होते.