झुंबराक्काच्या भिंतीवरचा पत्ता

कोल्हापुरात राहून चटणी विकत आणणारी बाई मला अजून पटत न्हाय. घरची मिरची, घरचा मसाला डंकावर न्यायचा, समोर बसून कुटून घ्यायचा आणि आपल्या डब्यात भरून आणायचा, ही आमची रीत. झुंबराक्काचा डंक त्यासाठीच. मी खैरुनबी, माझं बांगड्यांचं दुकान बरोबर समोर. उन्हाळाभर शिंकून शिंकून बेजार होतो, तरी सांगतो, तिच्यासारखी कुटणारी दुसरी न्हाय.

पण तयार पुड्यांनी गिऱ्हाईक ओढलं. लेकी-सुनांना नोकऱ्या. पहाटे डबा रांगेत ठेवून दुपारपर्यंत बसायला कुणाला सवड हाय? शेवटी आक्काच्या पोरानं, सयाजीनं, तोंड उघडलं. ह्या हंगामात गर्दी झाली न्हाय तर डंक बंद, गाळा मोबाईलवाल्याला भाड्यानं. आक्काचं जेवणावरनं मनच उडालं. नवरा गेल्यावर ह्याच डंकावर तिनं पोराला शिकवलं, आणि पोरगं तिलाच उठवायला निघालं. मला तर सयाजीच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

सून स्नेहल मात्र हुशार. इंटरनेटवर नंबर लावायची सोय करू, म्हणजे बायका आपापल्या वेळेला येतील, म्हणाली. भिंतीवर लिहायला त्या पानाचा पत्ता तिनं इंग्रजीत लिहून आणला. आक्का चौथी शिकलेली. तिनं कागद बघितला आणि सुनेला परत दिला.

"जे मला वाचता येत न्हाय, ते माझ्या भिंतीवर लागायचं न्हाय."

सयाजी हसला. मराठीत कुठं पत्ता असतोय व्हय, म्हणाला. असतोय की! स्नेहलनं शोधून काढलं, आणि पेंटरनं भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं: झुंबरबाईचाडंक.भारत. सगळं सलग. असला पत्ता पाठवला तर काही फोनांवर नुसतं बोट ठेवून उघडत न्हाय, हातानं लिहावाच लागतोय. आक्का म्हणाली, मग लिहा. दिवसभर एकमेकींना मराठीत काय काय लिहून पाठवता, तेवढं जमतंय न्हवं?

नंबर भराभर लागले. आणि पहिल्याच सकाळी घोळ झाला. बायकांनी फोनवर नंबर लावले ते लावलेच, वर सवयीनं पहाटे येऊन रांगेत डबेही ठेवले. असू द्यावं म्हणून! ज्यांनी फोनला हातच लावला नव्हता त्यांचे डबे पुढं, आणि वेळ घेऊन आलेल्या नोकरीवाल्या मागं. तोबा, काय गलका तो. माझ्या गिऱ्हाईकानं हातातली बांगडी तशीच खाली ठेवली. सयाजीला तेवढंच पाहिजे होतं. बघ, भांडणं लागली, उद्या एक बाई फिरकणार न्हाय, म्हणाला.

आणि नेमका पहिला डबा कुणाचा? आक्काच्या थोरल्या नणंदेचा, तानाबाईंचा. मुरगूडहून पहिल्या यस्टीनं आलेल्या.

आक्कानं पदर खोचला. "फोनवरचा नंबर चालंल. डबा कुणाचा बी असू दे."

तानाबाई भडकल्या. हा डंक माझ्या भावानं बसवलाय, आता इथं पाय ठेवणार न्हाय, म्हणत त्यांनी डबा उचलला. त्यांचं बघून आणखी बायकांनी उचलले. आक्काचा चेहरा उतरला, पण तिनं शब्द फिरवला न्हाय. भिंतीकडं हात करून म्हणाली, "वन्सं, तेवढं वाचून जावा."

तानाबाईंनी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं. इंटरनेट म्हणजे नातवाचं इंग्रजी काम, एवढंच त्यांना ठाऊक. आणि हे तर सरळ वाचता येत होतं. त्यांनी पिशवीतून फोन काढला. स्नेहल मदतीला आली, तर तिला हात लावू दिला न्हाय. भिंतीकडं बघत एकेक अक्षर लिहिलं. एकदा चुकलं, स्वतःलाच शिवी हासडली, परत लिहिलं. पान उघडलं, नाव घातलं, गुरुवारची सकाळ मिळाली. मागच्या बायकांनी डबे खाली ठेवले आणि आपापले फोन काढले.

राग काही पुरता उतरला नव्हता. डबा काखेत मारून तानाबाई सयाजीकडं वळल्या.

"गुरुवारी येतो. माझा नंबर लागलाय. त्या मोबाईलवाल्याला तेवढं सांग."

सयाजीनं फोनवर नंबर लावणाऱ्या बायकांची रांग बघितली. आक्का तोवर पहिल्या नंबरवालीची मिरची डंकात घालायला लागली होती. मग तो रस्ता ओलांडून माझ्या दुकानाच्या पायरीशी आला आणि त्यानं मोबाईलवाल्याला फोन लावला. गाळा द्यायचा न्हाय, म्हणाला. मी माझ्या कानानं ऐकलं.