आईला सुचलेलं गाणं

त्या वर्षी चतुर्थी आली तरी वडील परतले नव्हते. नारळी पुनव झाल्यावर नारळ भरून ते शिडाच्या मचव्याने रत्नागिरीला गेले होते, आणि मागाहून वाऱ्याने कहर मांडला. आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. दारापुढचं झाडलेलं खळं पुन्हा झाडायची. भात चुलीवर ठेवून किनाऱ्यावर जायची, येईतो तो करपलेला असायचा. "उजवो डोळो फुरफुरता गो," एवढंच सारखं म्हणायची. बाईचा उजवा डोळा लवणं वाईट. मी सातवीत होते. माझंही कशात लक्ष लागत नव्हतं.

गौरीच्या दुपारी शेजारची काकी आली. "घरात बसान माणूस येतलो काय?" म्हणत तिने आईला हाताला धरून फुगडीला नेलं. मी मागोमाग गेले. फेर धरून फिरताना एकेकीने गाणं म्हणायचं असे. आईला गाणी येत नसत. तिची पाळी आली की ती हसून पुढचीकडे बोट दाखवी. त्या दिवशी मात्र तिने टाळी वाजवली आणि म्हणाली,

"दर्या रे दर्या, पोट तुझां भरलां,
मगे माझ्या माणसाक कित्याक धरलां?"

मग कडव्यावर कडवी येत गेली. ती समुद्राला शिव्या घालत होती, मध्येच विनवत होती. बायका गायच्या थांबल्या, तरी तिचे पाय थांबेनात. काकीने तिला पोटाशी धरलं तेव्हा ती नखशिखान्त थरथरत होती.

शाळा उघडली तरी वडिलांचा पत्ता नव्हता. मी गुरुजींना विचारलं, "न जुळवता, एकदम केलेल्या गाण्याला काय म्हणतात?"

"उत्स्फूर्त," ते म्हणाले. "उत् म्हणजे वर. स्फुर् म्हणजे थरथरणं, फडफडणं. पापणी स्फुरते ना, तसं आत काहीतरी फडफडतं आणि वर उसळून येतं."

असं काही आनंदातच सुचतं, अशी माझी तोवर समजूत होती.

पुढच्याच आठवड्यात वडील एसटीने आले. डोलकाठी मोडल्यामुळे मचवा देवगडच्या खाडीत अडकून पडला होता, आणि त्यांनी धाडलेलं पत्र पोचलंच नव्हतं. आईने त्यांच्यापुढे गरम पेज ठेवली. काकीने गाण्याचं सांगितल्यावर ते हसले. "म्हण बघू."

"माका कायएक याद नाय," आई म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं.

बायकांना मात्र पहिलं कडवं पाठ झालं होतं. पुढच्या चतुर्थीला त्यांनी ते हौसेने म्हटलं. आई फेर सोडून बाहेर पडली आणि वडील कुठे आहेत ते बघायला भरभर घराकडे निघाली.