पाठमोरी

अंदमानच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर आमची बस पोलिसांच्या ताफ्यामागून चालली होती. फोटो काढायचे नाहीत, खिडक्या उघडायच्या नाहीत, असं बजावलेलं होतं. तरी आम्ही सगळे काचांना नाकं लावून बसलो होतो. हे जंगल जारवा आदिवासींचं. ते दिसतील म्हणून तर पहाटे उठून आलो होतो.

आणि ती दिसली. कडेवर मूल घेऊन रस्त्यालगत उभी असलेली एक बाई. बस जवळ येताच तिनं मुलाचं तोंड खांद्यात दडवलं आणि आमच्याकडे पाठ फिरवली.

आदल्या दिवशी जेलमधल्या कोठड्यांपुढे आमचे डोळे भरून आले होते. परक्यांनी आपल्या माणसांना इथं आणून किती छळलं! पण ज्यांच्या बेटांवर ते जेल उभं राहिलं, त्यांची आठवण आमच्यातल्या एकालाही झाली नाही. इंग्रज आले, युद्धात जपानी आले, मग आपण आलो आणि त्यांच्या घरातूनच रस्ता काढला. त्या बाईला लावून घ्यायला दारसुद्धा ठेवलं नाही. म्हणून तिनं पाठ लावून घेतली.

"तुम्हाला चेहरा दिसला का हो?" शेजारच्या काकूंनी हळहळत विचारलं. "मला मेली नुसती पाठच दिसली."

"नाही," म्हणून मी शरमेनं मान खाली घातली.

पुढचं वळण आलं, तशी माझी नजर पुन्हा झाडीत शिरली.