जोसेफबाबाचं तोंड कुणीकडे?

आमच्या काउंटीत कुणाचं छप्पर गळतं आणि कुणाचा नवरा कोचावर झोपतो, हे दोघींना पक्कं माहीत. एक मी, मला चौकशा कराव्या लागतात. दुसरी व्हर्ना ओस्टबी. तिला न विचारता कळतं. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवतेय, दारोदार थांबतेय. सगळी घरं तिच्या ओळखीची, एकही तिचं नाही.

माझ्या समोरच्या पिवळ्या घरात ती एकोणीस वर्षं भाड्यानं राहिली. सगळी खोकी कधी उघडलीच नाहीत. "उघडून काय करू, ग्लेंडा? परत भरायचीच आहेत," म्हणायची आणि दर रविवारी सोफा या भिंतीचा त्या भिंतीला ढकलायची. मागं सफरचंदाचं झाड मात्र लावलं. ते काही खोक्यात भरता येत नाही.

पूर्वी तिच्या बसमध्ये मास्तरांची, पोलिसांची, लाकूड गिरणीतल्या माणसांची पोरं असायची. ती मंडळी आता पलीकडच्या काउंटीतून कामाला येतात. गेल्या वर्षी तिचे तीन थांबे बंद झाले. घरं तिथंच आहेत, पण शहरवाल्यांनी घेतलेली; दिवे फक्त शनिवार-रविवारी लागतात.

एप्रिलमध्ये घरमालक ड्वेन प्रुइट टोपी हातात घेऊन तिच्या पायरीवर उभा राहिला. मी अर्थातच तिथं होते.

"व्हर्ना, घर विकायला काढतोय. पहिला मान तुझा. चार लाख साठ हजार."

"डॉलर?"

"नाही, बटाटे," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. बँक तिला दोन लाख नव्वद हजारांच्या वर एक पैसा कर्ज द्यायला तयार नव्हती.

ड्वेन कॅथलिक. येशूला वाढवणाऱ्या संत जोसेफची, आईकडून आलेली वीतभर मूर्ती त्यानं विक्रीच्या पाटीजवळ उलटी पुरली. डोकं खाली, तोंड घराकडे. अशानं घर झटपट विकलं जातं. तोंड रस्त्याकडे वळलं तर समोरच्याचं विकलं जातं, असंही जुनी माणसं सांगतात. हल्ली इथं घरं तीन दिवसांत उडतात, त्या संताला कशाला त्रास! पण रीत ती रीत.

"अगं, फिरव की त्याचं तोंड," मी तिला म्हटलं.

"मी लुथरन आहे. आमच्यात संतांना मानत नाहीत."

"मग तर तुला पापही लागायचं नाही!"

पहाटे बसवर जाण्याआधी तिनं खुरप्यानं बाबाला फिरवलं. समोरच्याचं घर म्हणजे माझंच, हा प्रकाश माझ्या डोक्यात पडला गुरुवारी, दाराला एजंटाचं कार्ड अडकलेलं दिसलं तेव्हा: 'विकायचा विचार आहे का? गिऱ्हाईक तयार आहे.' मी अनवाणी रस्ता ओलांडला.

"व्हर्ने, वळव त्याला परत!"

"का गं? बाबा कामाला लागला की!" महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली. वळवलं काही नाही.

रविवारी घर बघायला लोक आले. अशा वेळी भाडेकरूनं बाहेर जायचं असतं. ही स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभी. लोक तिचीच कपाटं उघडत होते.

"शेजार शांत आहे ना?" सिएटलच्या एका बाईनं विचारलं.

"छे! समोर ग्लेंडा राहते."

बाईला तो विनोद वाटला. मंगळवारी तिनं घर घेतलं. रोखीनं, सांगितल्यापेक्षा वर. बाबाचं तोंड रस्त्याकडे असूनसुद्धा.

व्हर्ना माझ्या गॅरेजवरच्या खोलीत आली. "चार दिवस" म्हणाली, त्याला आता पाच महिने झाले. दुपारी ती हॉस्पिटलच्या खानावळीत दुसरं काम करते. बँकेच्या कर्जमंजुरीच्या कागदाची मुदत संपली की नवा करून आणते. संध्याकाळी खिडकीत बसत नाही, उभी राहते. सिएटलवाले दोनदाच आले. समोर सफरचंदं पडून सडतायत.

परवा माझ्या फुलांच्या वाफ्यात ताजी उकरलेली माती दिसली.

"व्हर्ने, ड्वेन मूर्ती न्यायला विसरला होता ना?"

"हो."

"ती माझ्या वाफ्यात आहे?"

"हो."

"तोंड कुणीकडे?"

"रस्त्याकडे."

"नक्की?"

"ग्लेंडा, तुझं घर मला परवडणार आहे का?"

तरी रोज पाणी घालताना मी बघते, माती हललेली नाही ना. मग समोर बघते, विक्रीची पाटी लागलीय का.